यशया ५३ : एकच भाकीत, वेगवेगळी प्रवचने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बायबलच्या जुन्या करारात यशया या संदेष्ट्याचे पुस्तक आहे. त्याच्या त्रेपन्नाव्या, दुःख सोसणाऱ्या ‘सेवका’विषयीच्या अध्यायावर निरनिराळ्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) प्रवचने ऐकलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. एका ठिकाणी हा अध्याय पापक्षमेविषयी असतो, दुसरीकडे आजार बरा होण्याविषयी, तिसरीकडे चिरडल्या गेलेल्या जनतेविषयी. वचन तेच असते. फरक कुठून येतो, आणि तो किती खोल आहे, हे समजून घ्यायचे आहे. मला या अध्यायाविषयी जे वाटते तेही उत्तरांत आले आहे.

हे भाकीत नेमके कुठे सुरू होते?

५३:१ ला नाही, ५२:१३ ला. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर सांगितली जाणारी. तिने हे काव्य मधेच तोडले आहे. त्यामुळे अनेक जण ते दुसऱ्या कडव्यापासून ऐकतात आणि ‘पाहा, माझा सेवक थोर होईल’ हे देवाचे पहिले बोलणे निसटून जाते.

पूर्ण वाचले की रचना दिसते. आधी देव बोलतो (५२:१३–१५). मग ‘आम्ही’ बोलू लागतो: आम्ही त्याला तुच्छ मानले, देवानेच त्याला मारले असे आम्हांला वाटले, पण तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला होता. शेवटी पुन्हा देव बोलतो आणि सेवकाला निर्दोष ठरवतो. सेवक स्वतः एक शब्दही उच्चारत नाही. म्हणजे या काव्याच्या मध्यभागी आहे ती बघ्यांची कबुली. एका दुःखी माणसाविषयी ज्यांनी चुकीचा निवाडा केला, ते आपली चूक मान्य करत आहेत. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी या ‘आम्ही’कडे परत परत येणार आहे, कारण प्रवचन सरळ जाते की वाकडे, हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकले त्यांना काय वाटले असेल?

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून वातावरण बदलते. यरुशलेम उद्ध्वस्त झाले आहे (इ.स.पू. ५८७–५८६), लोक बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात आहेत आणि सुटकेची वार्ता आहे. पारसाचा राजा कोरेश याचे तर नावच घेतले आहे (४४:२८, ४५:१). त्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकले. म्हणून बहुसंख्य अभ्यासक हे अध्याय बंदिवासाच्या अखेरच्या काळातल्या संदेष्ट्याचे मानतात. आठव्या शतकातल्या यशयानेच ते आत्म्याच्या प्रेरणेने आगाऊ लिहिले, असे अनेक इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे प्रोटेस्टंट) उपदेशक मानतात. या एका मुद्द्यावरूनही प्रवचनाचा सूर बदलतो. पहिल्या मतात ‘तेव्हाच्या लोकांना देव काय म्हणाला’ हा प्रश्न आधी येतो. दुसऱ्यात भाकीत कसे तंतोतंत पुरे झाले, यावर भर असतो.

१८९२ मध्ये बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने या भागातली चार काव्ये वेगळी काढून दाखवली: अध्याय ४२, ४९ आणि ५० मधली प्रत्येकी एक, आणि चौथे हे. तेव्हापासून ‘सेवकगीते’ हा शब्द रूढ झाला. सेवक कोण, यावर मात्र आजही एकमत नाही. ४९:३ मध्ये सेवकाला सरळ ‘इस्राएल’ म्हटले आहे आणि तीनच वचनांनी पुढे तोच सेवक इस्राएलला परत आणणार आहे. ही गुंतागुंत काव्यातच आहे, अभ्यासकांनी घातलेली नाही.

पण नव्या कराराने याचा एकच अर्थ ठरवून दिला आहे ना?

सेवक म्हणजे येशू, याविषयी नव्या करारात दुमत नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये गाझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कूशी देशाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसून हाच उतारा वाचत असतो. ‘संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?’ असे तो विचारतो आणि फिलिप्प त्याच वचनापासून सुरुवात करून त्याला येशूची सुवार्ता सांगतो.

पण येशूविषयी काय सांगायचे यासाठी नव्या कराराचे लेखक या एकाच अध्यायातली वेगवेगळी वचने, वेगवेगळ्या कामांसाठी वापरतात. मत्तय ८:१७ मध्ये ‘आमचे व्याधी त्याने घेतले’ हे वचन येशूने आजाऱ्यांना बरे केले त्या प्रसंगाला लावले आहे. १ पेत्र २:२१–२५ मध्ये हाच अध्याय छळ सोसणाऱ्या दासांपुढे कित्ता म्हणून ठेवला आहे आणि त्याच दमात पाप वाहून नेण्याविषयीही बोलले आहे. लूक २२:३७ मध्ये येशू अटकेच्या रात्री ‘तो अपराध्यांत गणला गेला’ एवढेच उचलतो. योहान १२:३८ मध्ये ‘आमच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला?’ हे लोकांच्या अविश्वासाविषयी येते. पौल रोमकरांस १५:२१ मध्ये ५२:१५ घेतो, तो ज्यांना कधी सांगितलेच नव्हते अशा राष्ट्रांकडे आपण का जातो हे समजावण्यासाठी.

म्हणजे आरोग्य, कित्ता, पापक्षमा, अविश्वास, मिशनकार्य. पंथ पडण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच शतकात, एवढ्या वाटा फुटल्या होत्या. आजच्या परंपरांपैकी जवळजवळ प्रत्येकीने यातलीच एखादी वाट धरून ती रुंद केली आहे. पंथभेद म्हटले की कोणीतरी वचनाची मोडतोड केली असेल असे आपण चटकन गृहीत धरतो. इथे तसे म्हणता येत नाही.

आरंभीच्या मंडळीत यावर काय उपदेश होत असे?

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथच्या मंडळीला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात हा अध्याय जवळजवळ पूर्ण उतरवला आहे. कशासाठी? भांडणाऱ्या मंडळीला नम्रता शिकवण्यासाठी. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर हा ख्रिस्ती लेखक हाच उतारा भाकीत पुरे झाल्याचा पुरावा म्हणून मांडतो. दोघेही अख्खा उतारा देतात, हे मला महत्त्वाचे वाटते. सुटे वचन उचलून त्यावर इमारत बांधण्याची घाई त्यांना नव्हती.

कॅथलिक मंडळीत हा अध्याय कधी आणि कसा ऐकू येतो?

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला). प्रभूच्या दुःखसहनाच्या विधीत पहिले वाचन यशया ५२:१३–५३:१२, दुसरे इब्री लोकांस पत्रातले आणि मग योहानाचे दुःखसहन. त्यापूर्वी, म्हणजे १९६९ च्या नव्या वाचनमालेआधी (उपासनेतल्या ठरावीक वाचनांच्या यादीआधी), तो पवित्र आठवड्यातल्या बुधवारी वाचला जाई. १९९२ ची संयुक्त वाचनमाला वापरणारे अँग्लिकन, ल्युथरन, मेथडिस्ट आणि इतर अनेकही आता तो उत्तम शुक्रवारीच वाचतात. एकमेकांची प्रवचने फारशी न ऐकणारे एवढे लोक त्या एका दिवशी एकच वाचन ऐकतात, ही मोठी गोष्ट आहे.

प्रवचनाचा कल मात्र वेगळा पडतो. कॅथलिक शिकवणीत भर असतो सेवकाने प्रेमाने आणि आज्ञापालनाने केलेल्या अर्पणावर. त्याने स्वतःचे ‘दोषार्पण’ (दोषाच्या क्षमेसाठीचे अर्पण) केले, आणि त्या अर्पणात विश्वासणाऱ्यांना सहभागी होता येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये मानवी दुःखाच्या अर्थावर जे पत्र काढले, त्यात या चौथ्या सेवकगीतावर सविस्तर चिंतन आहे. आजारी माणसाचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले जाते, ही त्यातली मध्यवर्ती गोष्ट. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या धर्मगुरूच्या तोंडून हा अध्याय आला तर तो बहुधा याच वाटेने येतो.

आणखी एक. मिस्सामध्ये द्राक्षारसाच्या प्याल्यावर म्हटले जाणारे ‘पुष्कळांसाठी’ हे शब्द या अध्यायाशी जोडलेले आहेत. तिथे ‘सर्वांसाठी’ म्हणावे की ‘पुष्कळांसाठी’, यावर वाद झाला तेव्हा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ मध्ये जर्मन बिशपांना लिहिलेल्या पत्रात यशया ५३ चाच दाखला दिला होता.

ऑर्थोडॉक्स परंपरेत वेगळे काय आहे?

तिथे हा अध्याय व्यासपीठापेक्षा वेदीजवळ जास्त ऐकू येतो. पवित्र लितुर्गी (भाकरी-द्राक्षारसाची मुख्य उपासना) सुरू होण्याआधी धर्मगुरू भाकरी तयार करतो. भाल्याच्या आकाराच्या छोट्या सुरीने तो भाकरीचा मधला भाग कापून काढतो आणि कापताना ५३:७–८ चे शब्द म्हणतो: ‘वधायला नेल्या जाणाऱ्या मेंढराप्रमाणे तो नेला गेला…’ त्या भागाला ‘कोकरू’ असेच नाव आहे. हे प्रत्येक लितुर्गीच्या आधी होते, वर्षातून एकदा नाही. मोठ्या शुक्रवारच्या (म्हणजे उत्तम शुक्रवारच्याच) सायंप्रार्थनेतले वाचनही बारीक लक्ष द्यावे असे आहे. ते ५३:१२ ला थांबत नाही, ५४:१ पर्यंत जाते: ‘हे वंध्ये, जयघोष कर.’ पुनरुत्थानाची चाहूल त्या एका जादा वचनात येते. प्रवचन न करताच केलेले हे प्रवचन आहे, आणि मला ते फार सुंदर वाटते.

मजकुरातही फरक आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्या सेप्टुअजिंटवर, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरावर, चालतात. हिब्रू ५३:१० मध्ये ‘त्याला ठेचावे असे परमेश्वराच्या मर्जीस आले’ असा आशय आहे. ग्रीकमध्ये तिथे परमेश्वर त्याला त्या आघातापासून शुद्ध करू इच्छितो, असे येते. पित्याने पुत्राला शिक्षा केली ही कल्पना पूर्वेकडे मूळ धरू शकली नाही, याचे हे एकमेव कारण नव्हे. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने विचारले होते, ख्रिस्ताच्या मरणाने आपल्या सुटकेसाठी भरलेली ही खंडणी कोणाला दिली? सैतानाला, हे तर निंद्यच. पण पित्याला, असे तरी कसे म्हणायचे? आपण तर त्याच्या कैदेत नव्हतो. या धाटणीच्या विचारात सेवक आपले आजारपण स्वतःत घेऊन ते बरे करतो आणि मरणावर जय मिळवतो.

मग ‘आमची शिक्षा त्याने भोगली’ हे कोण शिकवते?

प्रामुख्याने रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) आणि इव्हँजेलिकल मंडळ्या, आणि त्यांना आधार याच अध्यायात आहे: ‘आम्हांला शांती देणारी शिक्षा त्याला झाली’ (५३:५). अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मने देवाच्या मानाची भरपाई या अंगाने क्रूसाचा विचार मांडला होता. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने तो न्यायालयाच्या भाषेत नेला: न्यायाधीश, दोषी, शिक्षा आणि दोषीच्या जागी उभा राहिलेला निर्दोष. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी म्हणते की ख्रिस्ताने देह आणि आत्मा दोन्हींत देवाचा क्रोध सोसला.

ल्युथरन प्रवचनात हीच गोष्ट अधिक जिव्हाळ्याने येते. तिथे ‘आमच्या’ हा शब्द ‘माझ्या’ होईपर्यंत उपदेशक थांबत नाही. लूथरने १५२० मध्ये विश्वासणारा आणि ख्रिस्त यांच्यातल्या ‘आनंदी अदलाबदली’विषयी लिहिले: माझे पाप त्याचे झाले, त्याचे नीतिमत्त्व माझे झाले.

या शिकवणीने असंख्य अपराधी मनांना विसावा दिला आहे, हे मी मनापासून मानतो. पण ती वाईट रीतीने मांडली की रागीट पिता आणि मार खाणारा पुत्र असे भेसूर चित्र उभे राहते. जबाबदार रिफॉर्म्ड शिक्षक हे जाणतात. पिता आणि पुत्र एकाच इच्छेने हे करतात, क्रूसावर देव स्वतःच भार घेतो, असे ते आवर्जून सांगतात. ऐकणाऱ्यानेही ते वाक्य येते का, हे पाहावे.

याच मंडळ्यांमध्ये आपसात एक जुना वाद आहे, आणि त्याचीही दोन्ही टोके या काव्यात सापडतात. ५३:६ ‘आम्ही सर्व’ने सुरू होते आणि ‘आम्हा सर्वांचे’ने संपते. वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेतले उपदेशक तिथे उभे राहतात: ख्रिस्त सर्वांसाठी मेला. ५३:११–१२ मध्ये मात्र ‘पुष्कळ’ आहे, आणि १६१८–१९ च्या डॉर्टच्या (नेदरलँड्समधल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या) सभेची शिकवण मानणारे तिथे उभे राहतात: निवडलेल्यांसाठी. दोघांमध्ये अंतर आहे पाच-सहा वचनांचे.

पेंटेकॉस्टल सभांमध्ये यावरून आजार बरे होण्याची शिकवण का दिली जाते?

कारण ५३:४ मध्ये खरोखर व्याधीच आहेत. तो शब्द ‘पाप’ असाच घ्या, असे म्हणणाऱ्याला आधी मत्तयाला उत्तर द्यावे लागेल. मत्तयाने तो सरळ शारीरिक आजाराला लावला आहे, पेत्राच्या सासूचा ताप उतरल्यानंतर लगेच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ए. बी. सिम्पसन यांच्यासारख्या उपदेशकांनी ‘ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा’ अशी चौपदरी सुवार्ता सांगितली. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील सभांनंतर ही शिकवण जगभर पसरली. असेंब्लीज ऑफ गॉड या संघटनेच्या १९१६ च्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, आजारातून सुटका ख्रिस्ताने क्रूसावर केलेल्या प्रायश्चित्तातच पुरवलेली आहे आणि ती सर्व विश्वासणाऱ्यांचा हक्क आहे, असे कलम आहे. आधाराला यशया ५३:४–५ आणि मत्तय ८.

टीकाकारांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. मत्तयाने हे वचन कफर्णहूमातल्या प्रसंगाला लावले, क्रूसाच्या कितीतरी आधी. पेत्राने ‘त्याच्या फटक्यांनी तुम्ही बरे झाला’ म्हटले तेव्हा पुढचेच वाक्य भटकलेल्या मेंढरांविषयीचे आहे, आजाऱ्यांविषयीचे नाही. देह पूर्ण बरा होणे हे पुनरुत्थानाच्या वचनाचा भाग आहे, आज प्रत्येकाला तो हप्ता मिळेलच असे कुठे म्हटले आहे? अनेक पेंटेकॉस्टल शिक्षकही आज हेच म्हणतात: प्रायश्चित्तात सगळे आहे, पण सगळे आत्ताच हाती येत नाही.

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो कडक आहे. बरे न झालेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगितले जाते तेव्हा या काव्याचा सरळ अपमान होतो. ‘देवाने त्याला ताडन केले असे आम्हांला वाटले’, हीच तर ‘आम्ही’ची चूक होती! दुःखी माणसाकडे बोट दाखवून देवाने याला नाकारले आहे असे म्हणणाऱ्यांनी आपली चूक कबूल केलेले हे काव्य आहे. त्याच काव्याच्या आधाराने तीच चूक पुन्हा करायची, आणि तीही खाटेवर पडलेल्या माणसापुढे, हे मला सहन होत नाही. प्रार्थना जरूर करावी, तेल लावावे, मोठी अपेक्षा ठेवावी. निवाडा करू नये.

इथे एका चित्राची आठवण होते. मथियास ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र रंगवले. तिथे ‘संत अँथनीचा अग्नी’ नावाच्या, धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या भयंकर रोगाच्या रुग्णांची सेवा होत असे. क्रूसावरच्या येशूच्या अंगभर त्याने फोड आणि जखमा काढल्या. लॅटिन बायबलमध्ये ५३:४ ला ‘आम्ही त्याला कुष्ठरोग्यासारखा समजलो’ असे होते, हे ध्यानात घेतले की त्या काळच्या आजारी माणसाला हा अध्याय कसा भेटत असेल याची कल्पना येते. त्याला आपलीच कातडी ख्रिस्ताच्या अंगावर दिसत होती.

ॲनाबॅप्टिस्ट आणि मेनोनाइट यात काय पाहतात?

५३:७ आणि ५३:९: त्याने तोंड उघडले नाही, त्याने काही हिंसा, जुलूम केला नाही. सोळाव्या शतकातल्या या शांततावादी मंडळ्यांच्या दृष्टीने सेवक हा केवळ आपल्या जागी मेलेला नाही, तो आपल्या पुढे चालणारा आहे. शस्त्र न घेणे, सूड न घेणे हे त्याच्या मागे जाणे आहे. पेत्राच्या पत्रातला ‘कित्ता’ त्यांनी शब्दशः घेतला आणि सोळाव्या शतकात कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांच्या हातून त्यासाठी मरण पत्करले.

चिरडलेली जनता हाच सेवक आहे, असे म्हणणे योग्य आहे का?

हा प्रश्न लॅटिन अमेरिकेतून आला. इग्नासियो एयाकुरिया या जेझुइट धर्मगुरूने १९७८ मध्ये ‘क्रूसावर खिळलेली जनता’ ही कल्पना मांडली. इतिहासात दुसऱ्यांच्या पापाचा भार वाहणारे गरीब लोक हे सेवकाचेच रूप पुढे चालवतात, असे त्याचे म्हणणे होते. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वाडोरच्या सैनिकांनी त्याला पाच सहकारी जेझुइट आणि दोन स्त्रियांसह ठार मारले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्येही सेवकाचा चेहरा आपल्यातलाच मानण्याची परंपरा खोल आहे. मार्टिन लूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात, अन्यायाने वाट्याला आलेले दुःख तारक असते या विश्वासाने काम करत राहा, असे सांगितले.

त्याच समाजातून याला विरोधही झाला. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये विचारले: ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाट्याचे ओझे सक्तीने वाहावे लागले, त्यांना ‘ओझे वाहण्यात तारण आहे’ असे सांगणे म्हणजे काय? मला वाटते, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकाने टेबलावर समोर ठेवावा. घरात मार खाणाऱ्या बाईला हा अध्याय ‘सोस’ म्हणून वाचून दाखवणे हे पाप आहे. काव्यात सोसणाऱ्याला कोणी उपदेश करतच नाही. तिथे पश्चात्ताप आहे तो बघत राहिलेल्यांचा.

योग्य आहे का, याचे माझे उत्तर: ख्रिस्ताच्या जागी जनतेला बसवले तर नाही. पण ख्रिस्ताला ओळखलेली मंडळी रस्त्यावरच्या तुच्छ मानलेल्या माणसाला न ओळखता पुढे गेली, तर तिने अध्याय वाचलाच नाही असे मी म्हणेन.

शेवटल्या काळाविषयी बोलणारे उपदेशक हा अध्याय भविष्यात का नेतात?

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलेल्या आणि १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलने लोकप्रिय केलेल्या पद्धतीत इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या योजना वेगवेगळ्या आहेत. त्या मांडणीत यशया ५३ ही इस्राएल राष्ट्र एके दिवशी करणार असलेली कबुली ठरते. जोडीला जखऱ्या १२:१० घेतले जाते: ‘ज्याला त्यांनी विंधले त्याच्याकडे ते पाहतील.’ या वाचनाने ‘आम्ही’ला गंभीरपणे घेतले, हे त्याचे श्रेय. पण ते ‘आम्ही’ दुसऱ्यांच्या गळ्यात घालून ऐकणाऱ्याला मोकळे सोडले, तर फारच सोयीचे होते.

यहुदी लोक हा अध्याय कसा वाचतात? त्यांनी तो लपवला, असे ऐकले आहे.

लपवलेला नाही. तो त्यांच्या शास्त्रात आहे, त्यावर शतकानुशतके भाष्ये आहेत. सभास्थानातल्या साप्ताहिक वाचनांत संदेष्ट्यांचे निवडकच भाग येतात आणि हा भाग त्यांत नाही, एवढेच खरे. त्यावरून कारस्थान रचणे अन्यायाचे आहे.

सर्वांत परिचित वाचन म्हणजे सेवक म्हणजे इस्राएल: राष्ट्रांच्या हातून छळली गेलेली प्रजा, आणि ‘आम्ही’ म्हणजे शेवटी आपली चूक उमगलेली राष्ट्रे. फ्रान्समधल्या त्र्वा गावच्या राशी या यहुदी भाष्यकाराने (१०४०–११०५) असेच लिहिले. त्याच्या हयातीत, १०९६ मध्ये, पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांमध्ये कत्तली केल्या. राशीनेच हा अर्थ काढला असे काही ख्रिस्ती लेखक म्हणतात, पण ते चूक आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने यहुदी विद्वानांच्या तोंडून हेच ऐकल्याचे नोंदवले आहे. मशीहाविषयीचे वाचनही यहुदी परंपरेत आहे. तारगुम हे शास्त्राचे जुने अरामी भाषांतर सेवकाला मशीहा म्हणतो, मात्र दुःख दुसऱ्यांवर ढकलतो. तालमूद या यहुदी धर्मशिक्षणाच्या ग्रंथामध्ये (सन्हेद्रिन ९८ब) ५३:४ मशीहाच्या नावाविषयी उद्धृत केले आहे. १२६३ मध्ये बार्सिलोनाला राजासमोर झालेल्या वादात रब्बी नाखमानीदेसला या अध्यायावर उत्तरे द्यावी लागली होती.

ख्रिस्ती माणसाने हे वाचावे, आणि अवघडल्यासारखे होऊ द्यावे. उत्तम शुक्रवारच्या प्रवचनांनी यहुद्यांविरुद्ध द्वेष पेटवल्याचा इतिहास खरा आहे. ‘आमच्या अपराधांमुळे’ हे शब्द असलेले वाचन ऐकून बाहेर पडायचे आणि ‘त्यांच्या’ अपराधाचा सूड घ्यायचा, यापेक्षा या वचनाची मोठी विटंबना होणार नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवण्याचे नाकारले. २००१ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने शास्त्राचे यहुदी वाचन हे एक संभवनीय वाचन आहे, असे मान्य केले. येशू हाच सेवक, हा माझा विश्वास त्याने तसूभर कमी होत नाही.

इतर भाकितांबाबतही असेच आहे का?

कमीअधिक. योएल २ पेत्राने पेंटेकॉस्टच्या दिवशी ‘हे तेच आहे’ म्हणून सांगितले. पेंटेकॉस्टल ते आजही घडते असे मानतात, इतर अनेक ते त्या दिवसाशी अधिक बांधतात. प्रकटीकरण २० मधली हजार वर्षे ऑगस्टिनने मंडळीच्या सध्याच्या काळाला लावली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्युथरन बहुधा त्या बाजूचे, तर डार्बीची परंपरा ती येणाऱ्या राज्याची प्रत्यक्ष वर्षे मानते. यहेज्केल ३७ मधली सुकलेली हाडे ऑर्थोडॉक्स मंडळ्या मोठ्या शनिवारच्या प्रभातप्रार्थनेत ऐकतात, इतरत्र ती अनेकदा मंडळीच्या जागृतीवर येतात. तारखा आणि राष्ट्रांची नावे शोधण्याच्या मोहामुळे प्रकटीकरणावरचे वाद जास्त कडवट होतात. यशया ५३ मध्ये तो मोह कमी आहे, म्हणून एकमेकांचे ऐकायला शिकण्यासाठी मी हाच अध्याय सुचवतो.

मला यावर प्रवचन करायचे आहे. कुठून सुरुवात करू?

५२:१३ पासून ५३:१२ पर्यंत, शक्य तर ५४:१ पर्यंत, सगळे मोठ्याने वाचा. दोन आवाज घ्या: एक देवाचा, एक ‘आम्ही’चा. मग आपल्या परंपरेचे आवडते वचन कोणते ते ओळखा. ते सोडू नका, पण त्याच्या शेजारचे एक असे वचन निवडा ज्यावर तुमच्या मंडळीत कधीच बोलले जात नाही. रिफॉर्म्ड असाल तर व्याधींचे चौथे, पेंटेकॉस्टल असाल तर मौनाचे सातवे, चिरडलेल्यांच्या मुक्तीविषयी बोलणारे असाल तर दोषार्पणाचे दहावे. अकराव्या वचनावर वेळ द्या. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानजवळच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत तिथे ‘तो प्रकाश पाहील’ असे आहे. ग्रीकमध्येही तो प्रकाश आहे, प्रचलित हिब्रू प्रतींत नाही. अलीकडच्या अनेक भाषांतरांनी तो घेतला आहे. तुमच्या हातातल्या बायबलमध्ये आहे का, ते आधी पाहून घ्या, म्हणजे मंडळीतल्या कोणी विचारले तर सांगता येईल.